साडेपाच टनांचा भास

ट्रक रेसिंगच्या खेळात सगळ्यात कंटाळवाणा भाग म्हणजे सरळ रस्ता, आणि माझ्या मते त्या खेळातला सगळ्यात अस्सल भागही तोच.

मी बोलतोय ‘एफआयए युरोपियन ट्रक रेसिंग चॅम्पियनशिप’ या व्हिडिओ गेमबद्दल. २०१९ च्या जुलैमध्ये तो कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला. युरोपात याच नावाची खरीखुरी स्पर्धा दरवर्षी होते. तिच्यातलेच ट्रक, ड्रायव्हर आणि सर्किटं यात आहेत. कारच्या खेळांवर हात बसलेला माणूस हा खेळ लावतो, इटलीतल्या मिसानोच्या सर्किटवर ॲक्सिलरेटर दाबतो, एवढं मोठं धूड त्याला न शोभणाऱ्या जोराने सुटतं आणि काटा १६० वर जाऊन अडकतो. पाय तळाला टेकलाय, इंजिन ओरडतंय, वेग मात्र तिथल्या तिथे. शेजारचा ट्रकही १६० वर, त्याच्या मागचाही १६० वर. खिडकीला खिडकी लावून सगळे चाललेत आणि कुणी कुणाच्या पुढे जात नाही. माझा धाकटा भाऊ दोन मिनिटं हे बघत उभा राहिला, ‘ही कसली रेस?’ म्हणाला आणि मॅच बघायला निघून गेला.

खऱ्या स्पर्धेतही ताशी १६० किलोमीटर ही हद्द नियमानेच घातलेली आहे. इंजिनात दम कमी आहे म्हणून नव्हे. या ट्रकांची ताकद हजार हॉर्सपॉवरच्या वर आणि टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, पाच हजार न्यूटन मीटरच्या वर असतो. लगाम काढला तर ते आणखी पळतील. पण सव्वापाच-साडेपाच टनांची वस्तू त्याहून जास्त वेगाने कठड्यावर गेली तर कठडा, ड्रायव्हर आणि पलीकडचे प्रेक्षक या तिघांचीही धडगत नाही. म्हणून वेग सगळ्यांना सारखा. योखेन हान या जर्मन ड्रायव्हरने २०११ ते २०१९ या काळात सहा वेळा ही स्पर्धा जिंकली आणि सरळ रस्त्यावर तो कुणाहूनही वेगवान नव्हता. नियमाने होऊच शकत नव्हता. त्याचं सगळं कसब सरळ रस्ता संपतो तिथून सुरू व्हायचं.

खेळाच्या खरेपणाचा प्रश्नही तिथूनच सुरू होतो.

थोडा हिशेब मांडू. साडेपाच टनांचा ट्रक १६० वरून ६० वर आणायचा, तर ब्रेकना जी ऊर्जा गिळावी लागते तिच्यात साधारण पावणेदोन लिटर पाण्याची पूर्ण वाफ होईल. हे एका वळणासाठी. अशी वळणं प्रत्येक फेरीत येत राहतात. साध्या डिस्क ब्रेकचा एवढ्या उष्णतेपुढे निभाव लागत नाही, म्हणून या ट्रकांवर दोनशे लिटरच्या आसपास पाण्याची टाकी असते आणि ब्रेकवर पाण्याचे फवारे मारले जातात. टीव्हीवर बघताना वळणाआधी चाकांतून पांढरे लोट निघतात ते धुराचे नसतात, वाफेचे असतात. डिझेलच्या काळ्या धुरावर तर उलट दंड आहे. एक्झॉस्टमधून डोळ्यांना दिसेल इतका धूर निघत राहिला की शिक्षा होते. आपल्याकडच्या घाटात चढणाऱ्या गाड्यांना हा नियम लावला तर निम्मा हायवे मोकळा होईल, पण ते जाऊ द्या.

खेळात हे पाणी तुमच्या हातात दिलंय. एका बटणाने फवारा सुरू होतो, ब्रेकचं तापमान दिसत राहतं, टाकी हळूहळू रिकामी होत जाते. आणि इथे खेळ पहिल्यांदा माझ्या मानगुटीवर बसला. कारच्या खेळात उशिरा ब्रेक मारणं ही मर्दुमकी समजली जाते. इथे तसं केलं की पहिल्या दोन फेऱ्या छान जातात, मग पेडल तेवढंच दाबूनही ट्रक जरा जास्त पुढे जाऊन थांबतो, पुढच्या वळणाला आणखी जरा पुढे, आणि शेवटी ट्रॅकबाहेरच्या खडीत. पाणी भरपूर वापरावं तर शेवटच्या फेऱ्यांना टाकी कोरडी. म्हणजे हे वळण घेताना त्याच्या पुढचं आणि त्याच्याही पुढचं वळण डोक्यात ठेवावं लागतं. वजन पडद्यावर दिसत नाही. ते जाणवतं ते असं, डोक्यातल्या हिशेबाच्या रूपाने. ग्राफिक्स आज जुनाट वाटतील, प्रेक्षक पुठ्ठ्याचे आहेत, पण उष्णतेचा हा धाक ज्याने खेळात घातला त्याला ट्रक म्हणजे काय ते कळलं होतं.

स्टिअरिंगबद्दल मला एवढा उत्साह नाही. माझ्याकडे आहे ते साधं, मध्यम किमतीचं, ९०० अंश फिरणारं, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अडीच फेरे. आत मोटर आणि गिअर. टायरवर येणारा ताण खेळ मोजतो आणि त्या मोटरकरवी तुमच्या हाताला उलटा जोर देतो. कारच्या खेळात हे फार उपयोगी पडतं, कारण कारच्या स्टिअरिंगमधून रस्ता खरोखरच हाताशी बोलतो. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचा रस्त्यावरचा ट्रक इतका बडबडा नसतो. त्याचं स्टिअरिंग चार-पाच फेरे फिरतं, हलकं असतं, आणि पुढची चाकं काय करतायत याची बातमी हातापर्यंत येईस्तोवर बरीच गाळून निघालेली असते. खेळ बनवणाऱ्यांची इथे पंचाईत होते. मुका ट्रक दिला तर शे-पाचशे डॉलरचं स्टिअरिंग विकत घेतलेला माणूस म्हणणार, पैसे वाया गेले. म्हणून ते हाताला थरथर देतात, कडेच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांवर चाक गेलं की खडखडाट देतात. मजा येते, नाही असं नाही. पण तो खडखडाट कारचा आहे, ट्रकच्या केबिनमध्ये उधार आणलेला.

याउलट पेडलच्या बाबतीत एक मोठी गंमत आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. माझ्या सेटचं ब्रेक पेडल स्वस्तातलं आहे. पाय किती जोराने दाबला हे त्याला कळत नाही, पेडल किती खाली गेलं एवढंच ते मोजतं. कारचे खेळ खेळणारे अशा पेडलला नाक मुरडतात आणि दाब मोजणारं महागडं पेडल घेतात, कारण कारमध्ये ब्रेक ऑइलचा दाब थेट पायाला जाणवतो. ट्रकमध्ये मात्र हवेचे ब्रेक. तिथलं पेडल म्हणजे एक व्हॉल्व्ह. तुम्ही तो जितका उघडाल तितकी हवा चाकांपाशी जाते; पायाला जो विरोध लागतो तो बराचसा व्हॉल्व्हमधल्या स्प्रिंगचा. चाकांपाशी लाइनर, म्हणजे ब्रेकचा घासणारा थर, धरतोय की जळतोय, याची खबर पायाला जवळजवळ लागतच नाही. म्हणजे कारसाठी जे पेडल टाकाऊ, ते ट्रकसाठी नकळत बरोबर! वर आणखी उशीर आहे. हवा नळ्यांतून पळत जाऊन चाकांपाशी पोचेपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ जातो. ताशी १६० ला ट्रक एका सेकंदात ४४ मीटर जातो, म्हणजे पाय दाबल्यावर ब्रेक धरेपर्यंत वीस-बावीस मीटर हातचे गेले. रेसच्या ट्रकांत हा उशीर शक्य तेवढा कमी केलेला असतो, पण वळण दिसल्यावर ब्रेक मारायचा हा विचारच इथे चुकीचा ठरतो. वळण यायच्या आधी पाय गेलेला असला पाहिजे.

इंजिनाचंही थोडं तसंच. डिझेल इंजिनाच्या फेऱ्यांचा आवाका छोटा, टर्बोला फुगायला वेळ लागतो, म्हणून वळणातून बाहेर पडताना नाक सरळ व्हायच्या आधीच ॲक्सिलरेटर द्यावा लागतो. जास्त दिला तर मागची चाकं घसरतात. हे खेळात पटण्यासारखं जमलंय.

धडक मात्र अजिबात जमलेली नाही. रोलिंग स्टार्ट, म्हणजे चालत्या ट्रकांनीच सुरुवात, सगळे खेटून, पहिल्याच वळणाला एकमेकांवर चढणार हे ठरलेलं. खऱ्या रेसमध्ये अशा घासाघाशीत फायबरचे बंपर उडतात, पण दोन ट्रक भिडले की दोघांच्याही दिशेवर त्याचा परिणाम संथपणे, निश्चितपणे होतो. इतकं वजन झटकन बाजूला होत नाही. खेळात ते रिकाम्या खोक्यांसारखे उडतात. कॉम्प्युटरचे प्रतिस्पर्धी आपली रेषा सोडत नाहीत, मागून येऊन ठोकतात आणि फिरून आपण तोंड उलटं करून उभे. त्या क्षणी साडेपाच टनांचा सगळा भास उतरतो.

आता मामांकडे येतो. माझे मामा कराडचे. कोल्हापूर-मुंबई, कोल्हापूर-बंगलोर अशी दहाचाकी चालवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. जाताना गूळ नाहीतर साखर, येताना मिळेल ते भाडं. आता गुडघे धरलेत, गाडी विकली. दिवाळीत आले तेव्हा त्यांना खुर्चीत बसवलं. पडदा बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “लोड किती हाय?”

म्हटलं, “मामा, लोड नाही. रेसची गाडी आहे, मागे हौदाच नाही.”

“मंग ह्याला ट्रक कशापायी म्हनायचं?”

उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाही. रेसचा ट्रक हा ट्रॅक्टर युनिट, म्हणजे ट्रेलर ओढणारं नुसतं तोंड. ओढायला काही दिलेलं नाही. आपल्या रस्त्यावरची भरलेली दहाचाकी त्याच्या कितीतरी पट जड असते. मामांच्या हिशेबाने मी ज्याच्या वजनाचं एवढं कौतुक करत होतो ती ‘खाली’ गाडी होती, म्हणजे रिकामी.

तरी त्यांनी चालवली. बघण्यासारखी गोष्ट त्यांचा डावा हात होता. आपल्या गाड्यांत गिअर डाव्या हाताला. खेळातल्या केबिनमध्ये स्टिअरिंगच डावीकडे. वळण जवळ आलं की मामांचा डावा हात आपोआप स्टिअरिंग सोडून खाली जायचा, मांडीच्या शेजारी हवेत मूठ वळायचा आणि तिथे काही नाही हे कळून परत वर यायचा. एकदा त्या मुठीत टेबलावरचा चहाचा कप आला आणि सांडला. मामींनी स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, “काय ठोकलं का काय?” दुसरी गोष्ट त्यांची नजर. माझी नजर पडद्याच्या मध्यावर खिळलेली असते; त्यांची दर चार-पाच सेकंदांनी आरशात जाऊन यायची. रेसमध्ये मागे कुणी उरलंच नव्हतं, ते सगळ्यात शेवटी होते, तरी आरसा सुटला नाही. ब्रेक त्यांनी प्रत्येक वळणाला माझ्यापेक्षा खूप आधी मारला. नंबर शेवटचा आला, पण टाकीत पाणी जवळजवळ तसंच शिल्लक होतं. त्यांना त्याचंच समाधान जास्त. “लाइनर शाबूत हाय बघ,” म्हणाले.

त्यांना ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ जास्त आवडला. प्राग शहरातल्या एका कंपनीचा, २०१२ चा हा खेळ. यात रेस नाही. माल भरायचा, युरोपभर फिरायचं, वेळेत पोचवायचा. मागे २०-२२ टन लावले की ट्रक चढावर गिअर मागतो, उतारावर रिटार्डर, म्हणजे चाकांचे ब्रेक न वापरता वेग धरणारी यंत्रणा, लावावा लागतो, आणि सेटिंगमध्ये हवेच्या ब्रेकचा खराखुरा पर्याय निवडला तर सारखा ब्रेक मारत राहिल्यावर टाकीतली हवा उतरते. मामांनी उतारावर गिअर कमी करून इंजिनावर गाडी धरली आणि मान डोलावली. जर्मनीतल्या कुठल्याशा हायवेवर ‘गाडी बांधलीय’ असं त्यांच्या तोंडून निघालं. आमच्या घरात या खेळाला मिळालेलं हे सर्वोच्च प्रमाणपत्र आहे. (भावाच्या फोनवरच्या इंडोनेशियन बसच्या खेळात आपली लाल एसटीही धावते, कुणीतरी हौसेने रंगवून घातलेली. मामांनी ती बघितली आणि ‘एसटीवाला एवढा हळू वळत न्हाई’ म्हणून सोडून दिली.)

मग खरं कुठलं? मी यावर बराच विचार केलाय आणि माझं मत असं बनलंय की रेसचा खेळ खोटा वाटण्याचं निम्मं कारण रेसचा ट्रकच आहे. पाण्याने थंड होणारे ब्रेक, बांधून ठेवलेला वेग, रिकामी पाठ, कडक सस्पेन्शन, धुतल्यासारखा गुळगुळीत डांबरी ट्रॅक. रस्त्यावरच्या ट्रकचा जगण्याशी जो संबंध असतो तो यात मुळातच काढून टाकलाय. आपल्याकडेही हा प्रयोग झाला. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, जिथे २०११ मध्ये फॉर्म्युला वन आली होती, तिथे २०१४ च्या मार्चमध्ये टाटा प्राइमा ट्रकांची पहिली रेस झाली. ट्रक आपले, ड्रायव्हर मात्र ब्रिटनहून आणलेले. २०१६ पासून भारतीय ट्रक ड्रायव्हरांना निवडून, शिकवून उतरवलं. ते व्हिडिओ बघताना मला राहून राहून त्यांच्या पायांचं कुतूहल वाटतं. माल, टायर आणि डिझेल वाचवण्यात मुरलेला पाय, त्याला आता सांगायचं की इथे काहीच वाचवू नकोस, दाब. मामांना विचारलं, जमलं असतं का? “पाच मिन्टं. मंग मालकाची आठवन आली असती.”

खेळ जिथे पूर्णच हरतो ती जागा म्हणजे पाठ. कानाच्या आतला तोल आणि सीटवर टेकलेलं शरीर, या दोघांना खुर्चीत काहीही कळत नाही. ब्रेक मारला की पडद्यावरचं केबिन पुढे झुकतं, डोळे म्हणतात आपण थांबतोय, शरीर म्हणतं आपण बसलोय. काहींना यामुळेच मळमळतं. हलणाऱ्या खुर्च्या मिळतात, पण त्याही काही इंच झुकवून फसवतात. एकसारखं पुढे ढकलणारं बळ खोलीत निर्माण करता येत नाही. रस्त्यावरच्या ट्रकमध्ये तर केबिन वेगळ्या स्प्रिंगांवर, चासी वेगळ्या पाट्यांवर, सीट आणखी तिसऱ्याच. ब्रेक मारल्यावर तिन्ही वेगवेगळ्या वेळी झुकतात. मामा सांगतात, मागे माल नीट बांधलाय की सरकतोय हे त्यांना कंबरेतून कळायचं. कंबरेला जोडणारी वायर अजून निघालेली नाही.

आणि भीती. पुण्यात नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत लांबच लांब उतार आहे. डिझेल वाचवायला काही ड्रायव्हर तिथे गाडी न्यूट्रलला टाकतात, काही तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद म्हणजे इंजिन ब्रेक नाही, कॉम्प्रेसर बंद म्हणजे नवी हवा नाही, स्टिअरिंग जड. उरतो तो फक्त लाइनर, आणि तो एवढ्या लांब उतारावर तापून गुळगुळीत होतो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये याच उतारावर एका अवजड गाडीने कित्येक गाड्यांना धडक दिली. रेसच्या खेळात जे शिकवलं जातं तेच हे, की उष्णता साठत जाते आणि पेडल शेवटी पोकळ होतं. फरक एवढाच की तिथे पाण्याचं बटण आहे, आणि रेषेच्या बाहेर खडी आहे.

मला खरं तर असा खेळ हवाय. रेस नको. कात्रजचा बोगदा, पाठीवर २५ टन, भरलेला हायवे, समोर स्कूटरवाले, आणि काम एकच, गाडी तिसऱ्या-चौथ्या गिअरवर धरून कुणालाही न शिवता खाली उतरवायची. किती डिझेल जाळलं ते कोपऱ्यात दिसत राहील आणि मालकाचा फोन वाजत राहील. खंबाटकीच्या बोगद्यापुढचं एस वळण ही पुढची पातळी. हे सगळं मी मामांना मोठ्या उत्साहाने सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं, गुडघ्यावर हात ठेवून उठले. “हितं बसून पैसं दिऊन घाट उतरायचा? आमाला तर पैसं घिऊन सुदिक नको वाटायचं,” म्हणाले आणि मामींना दुसरा चहा टाकायला सांगितला.